कानू कोणाच्या कडेवर

संध्याकाळी ड्युटी संपवून सुलक्षणा जिना चढून आली, दारात चपला काढल्या, मोरीत जाऊन कोपरापर्यंत हात धुतले आणि ओले हात ओढणीला पुसत प्रेमराजच्या कडेवरच्या कानूपुढे धरले. रोज असंच व्हायचं. तिनं हात धरले की कानू सगळं अंग सोडून द्यायची, पिकलेलं सीताफळ देठापासून हातात सुटावं तशी. आज कानूनं तिच्याकडे पाहिलं, जरा वेळ नीट पाहिलं, आणि मान फिरवून बापाच्या खांद्यात तोंड खुपसलं. त्याच्या बनियनचा गळा मुठीत गच्च धरला. सुलक्षणाचे हात तसेच हवेत राहिले. मग ती उगाच हसली, ‘अगं माझी बाय ती’ म्हणत तिला काखेत धरून ओढायला गेली, तर पोरीनं असा टाहो फोडला की शेजारच्या घरात कुणीतरी टीव्हीचा आवाज बारीक केला. “खाकी बघून घाबरली असेल,” प्रेमराज म्हणाला. “कपडे बदलून ये.” ती कपडे बदलून आली तोवर कानू फरशीवर बसून वाटी आपटत होती. थोड्या वेळानं आपणहून तिच्या मांडीवर आली, प्यायली, झोपली. म्हणजे तसं काहीच झालं नव्हतं.

पण दुसऱ्या दिवशी पारोळ्याच्या गाडीत तिकिटं देताना तिच्या हातांना ते आठवत होतं. मशीनमधून कागदाची पट्टी सर्रकन बाहेर यायची, ती फाडायची, सुटे परत करायचे, पुढच्या सीटकडे वळायचं. हात आपलं काम करत होते आणि त्याच हातांत कालची संध्याकाळ होती. खाकी बघून घाबरली म्हणे. खाकी काय कानूला नवी होती? पोटात असल्यापासून ती ह्या गाड्यांतून हिंडली होती. सोनगीरकडच्या रस्त्यावर गाडी आदळायची तेव्हा सुलक्षणा एका हातानं दांडा आणि दुसऱ्यानं पोट धरून उभी राहायची, आणि तिनं दोरी ओढून घंटी दिली की आतून एक लाथ बसायची. झुलालभाऊ, तिचा ड्रायव्हर, आरशातून बघून म्हणायचा, “ताई, आत कोण शे, चेकिंगवाला शे का?” श्रावणात, कानबाईच्या सणाच्या दिवसांत, गल्लीत नैवेद्याच्या रोटांच्या भाजणीचा वास भरलेला असताना पोरगी झाली, म्हणून कानू. मग बाळंतपणाची रजा. ते दिवस सुलक्षणाला आता एका लांबलचक दुपारसारखे आठवत. पडदा ओढलेली खोली, धुरीचा वास, आणि छातीवर एक ऊबदार वजन. कुठं ती संपते आणि कुठं आपण सुरू होतो हे कळत नसे. संक्रांत झाली, तीळगूळ वाटून झाला, आणि रजा संपली.

रजा संपली त्या पहिल्या दिवशी ती दोंडाईच्याच्या गाडीवर होती. चिमठाण्याला एक बाई तान्हं पोर घेऊन चढली. ते पोर मागच्या सीटवर भुकेनं रडायला लागलं आणि सुलक्षणाला, पुढच्या दारापाशी कुणाला तरी अर्धं तिकीट देता देता, पान्हा फुटला. दुसऱ्याच्या पोराच्या रडण्यानं. खाकी कापडावर दोन ओले डाग पसरत गेले. तिनं पैशांची कातडी पिशवी छातीपाशी घट्ट धरली आणि दोंडाईचा येईपर्यंत तशीच उभी राहिली. स्टँडवरच्या बायकांच्या संडासात जाऊन तिनं दूध पिळून टाकलं. पांढऱ्या फरशीवर ते दिसतही नव्हतं. घरी आल्यावर तिनं हे प्रेमराजला सांगितलं तेव्हा त्यानं कानूला तिच्याकडे दिलं आणि तो चहा ठेवायला गेला. चहात साखर घालायची विसरला होता.

प्रेमराज घरी होता म्हणूनच तर ती कामावर जाऊ शकली होती. सासूबाई, भिकुबाई, दोंडाईच्याजवळ गावी होत्या. सासऱ्यांचं, आबांचं, एक अंग लुळं पडलेलं, त्यांना सोडून त्या येणार कशा? देवपुरातल्या पाळणाघरात वर्षाच्या आतलं पोर घेत नव्हते. सुलक्षणा बिनपगारी रजा टाकायच्या तयारीत होती. तेव्हा एक दिवस जेवताना प्रेमराज म्हणाला, “आमच्या कंपनीत बापालापण रजा निघाली आहे. तीन महिने. पगारी.” तो बियाण्यांच्या कंपनीत होता. पुण्याच्या हेड ऑफिसनं तसा नियम केला होता, पोर वर्षाचं व्हायच्या आत कधीही घ्या म्हणून. धुळ्याच्या ऑफिसात तो कुणी वापरला नव्हता. वापरायचा असतो असंही कुणाला वाटलं नव्हतं. साहेब म्हणाले होते, “अरे, हे पुण्याच्या लोकांसाठी असतं, आपल्यासाठी नसतं.” योगेंद्र, त्याच्या शेजारच्या टेबलाचा, म्हणाला होता, “डिंकाचे लाडू पाठवू का?” प्रेमराजनं हे हसत सांगितलं, पण त्याचे कान लाल झाले होते, आणि त्या लाल कानांवर सुलक्षणाचा जीव जडला. डेपोत तिनं सगळ्यांना सांगितलं. माझ्या नवऱ्यानं रजा घेतली. पोरीसाठी. लेडीज रेस्टरूममध्ये बाकीच्या कंडक्टर बाया तिच्याकडे अशा बघत राहिल्या की जणू तिनं अंगावर नवा दागिना घातला होता.

सुरुवातीला तो दर थोड्या वेळानं फोन करायचा. पेज किती पातळ? शी हिरवी झाली, चालेल का? नंतर फोन कमी झाले. मग तोच सांगायला लागला. कानूला झोप आली की ती डावा कान ओढते. नागलीची पेज कोमट असली तर खाते, गरम असली तर थुंकते. खिडकीतून पारवा दिसला की श्वास रोखून धरते. एकदा रविवारी सुलक्षणा लंगोट बांधत होती तर तो सहज म्हणाला, “अशी नको, अशी बांध, नाहीतर मांडीला काचतं.” त्याला लंगोट बांधायला तिनंच शिकवलं होतं. आणि दात. पहिला दात. ती पारोळ्याच्या स्टँडवर गाडी लावून उभी होती, फोन आला, प्रेमराज ओरडतच होता, “दात गं! खाली! तांदळाच्या कणीएवढा!” तीही ओरडली. शेजारच्या रसवंतीवाल्याला सांगितलं, झुलालभाऊला सांगितलं, अनोळखी म्हाताऱ्यालाही सांगितलं. मग गाडीत जाऊन आपल्या सीटवर बसली आणि खिडकीबाहेर उसाचं चिपाड चघळणारी गाय बघत राहिली. तिला आनंद झाला होता. त्या आनंदाच्या खाली काहीतरी होतं, पेजेत खडा असावा तसं, आणि ते काय आहे ते बघायची तिची इच्छा नव्हती.

आता कानूनं मान फिरवल्यावर तो खडा दाताखाली आला होता. मुलीनं बापाकडं जावं ह्यात वाईट काय? हेच तर हवं होतं. ती स्वतःलाच समजावत होती, गाडी पारोळ्याहून परत येताना, ऊन तिरकं होऊन सीटांवर पडलेलं असताना. आणि समजावता समजावता तिला अक्काची कड आठवली.

अक्का तिची मोठी बहीण. सुलक्षणा जन्मली तेव्हा अक्का तिसरीत होती. त्यांची आई, झुंबरबाई, पाच-सात दिवसांची बाळंतीण उठून कापूस वेचायला गेली, कारण वेचणी थांबत नाही, आणि रजा हा शब्द तेव्हा त्यांच्या घरात फक्त मास्तरांच्या संदर्भात बोलला जायचा. सुलक्षणाला अक्काच्या कडेवर दिलं. अक्का तिला घेऊन शाळेत गेली. मास्तरांनी काही दिवस मागच्या ओळीत बसू दिलं. मग सुलक्षणा रडायची, मग पोरं हसायची, मग अक्का व्हरांड्यात उभी राहून ऐकायची, मग ती शाळेच्या कुंपणापर्यंतच जायला लागली, आणि मग तिथवरही नाही. कुणी तिला शाळा सोड म्हटलं नव्हतं. ती हळूहळू सुटत गेली, हातातून दावं सुटत जावं तशी. पुढे आई शाळेचा विषय निघाला की म्हणायची, अक्काले शिकानी आवडच नव्हती. अक्का ते ऐकून घ्यायची. आता अक्का यावलला असते, केळीच्या बागांतून कामाला जाते. अजूनही ती उभी राहते तेव्हा एक कड बाहेर काढून उभी राहते, जणू तिथं कुणी बसलं आहे. सुलक्षणाच्या पहिल्या आठवणीत आईचा चेहरा नाहीच. अक्काच्या झग्याचा खरखरीत खांदा आहे आणि कानाशी तिचा घसा, काहीतरी गुणगुणताना थरथरणारा. आईकडं ती जायची का? संध्याकाळी आई रानातून यायची, तेव्हा? हे तिनं आजवर स्वतःला विचारलंच नव्हतं. आईनं हात पुढे केल्यावर आपणही अशीच मान फिरवली असेल. आणि आई, दिवसभर ओणवी होऊन कंबर धरलेली, काय करत असेल त्या हातांचं? चुलीत काटक्या घालत असेल.

गाडी डेपोत लावून तिनं अक्काला फोन केला. कानूचं सांगितलं, हसत हसतच, गंमत म्हणून. अक्कानं विचारलं, “मंग दिनभर दाजीच सांभायतस का तिले? आखो?” सुलक्षणा म्हणाली, हो, अजून आहे थोडी रजा. पलीकडे कुणीतरी केळीची पानं ओढत होतं, तो सळसळता आवाज येत राहिला. “चांगलं व्हयनं ना मंग,” अक्का म्हणाली. “कोन्ही पोरनी शाया तं नही सुटनी.” शाळेचं बोलताना तिच्या आवाजात कसलाच डंख नव्हता. बाजारात भेंडी स्वस्त झाली असं सांगावं तसं तिनं सांगितलं आणि लगेच कानूच्या दाताबद्दल विचारलं. सुलक्षणा फोन ठेवून कितीतरी वेळ कॅश जमा करायच्या खिडकीसमोर उभी राहिली, तिच्या मागचा कंडक्टर ‘ताई, सरका’ म्हणेपर्यंत.

तरीही, त्याच आठवड्यात प्रेमराजच्या साहेबांचा फोन आला तेव्हा तिच्या मनात जे आलं ते आलंच. कपाशीच्या बियाण्याचा हंगाम जवळ आला होता. साहेबांनी म्हटलं होतं, शिरपूर-शहाद्याचा विक्रीचा एरिया मोकळा होतोय, लगेच रुजू झालास तर बढती देऊन तुला देतो. नाहीतर योगेंद्रला द्यावा लागेल. प्रेमराज लंगोट वाळत घालत हे सांगत होता, एकेक झटकून, काठ जुळवून, आणि त्याचा चेहरा दोरीपलीकडे होता. “तुला काय वाटतं?” त्यानं विचारलं. “जा,” सुलक्षणा म्हणाली. इतक्या पटकन, की तो दोरीखालून वाकून तिच्याकडे बघायला लागला. “मी टाकते रजा. बिनपगारी. एरिया काय परत परत मिळतो का?” सगळं शहाणपणाचं होतं. कुणीही ऐकलं असतं तर म्हटलं असतं, काय बाई आहे, नवऱ्याच्या बढतीसाठी घरी बसायला तयार झाली. आणि तिला आतून माहीत होतं की एरिया, बढती, शिरपूर, शहादा ह्यांतलं काहीच तिच्या मनात नव्हतं. मनात एकच चित्र होतं. प्रेमराज सकाळी डबा घेऊन निघून गेला आहे आणि कानूला वळायला दुसरा खांदाच नाही. ते चित्र इतकं गोड होतं की तिला स्वतःची भीती वाटली. ह्या माणसाचे लाल कान आपल्याला आवडले होते ना? तो “बघतो” म्हणाला आणि पुढचा लंगोट झटकला.

चैत्रातल्या एका सकाळी ती धुळ्याच्या स्टँडवर दोंडाईच्याची गाडी भरत होती. खिडक्यांतून रुमाल, पिशव्या आत टाकल्या जात होत्या. एक कॉलेजचा पोरगा आणि एक मिरचीचा व्यापारी एकाच सीटवर हक्क सांगत होते. गाडी निघाली आणि ती मागून तिकिटं देत पुढे सरकली. “एक दोंडाईचा,” कुणीतरी म्हणालं. तिनं मशीनवर बटणं दाबली, पट्टी फाडली, हात पुढे केला, आणि ती पट्टी एका इवल्या मुठीनं धरली. कानू. डोक्याला फडकं बांधलेली, बापाच्या मांडीवर उभी.

“अहो, तुम्ही?”

“आबांनी बोलावलंय. तू गेल्यावर फोन आला. म्हटलं तुझ्याच गाडीनं जाऊ.” प्रेमराजनं खिशातून पैसे काढले. “सुटे आहेत, बरं का, कंडक्टर ताई.”

तिला हसू आलं आणि तिनं ते दाबलं. कानू तिकीट तोंडात घालत होती. प्रेमराजनं ते काढून घेतलं, तिच्या हातात चमचा दिला. शेजारी एक म्हातारी बसली होती, नाकात चांदीची फुली, मांडीवर गाठोडं. ती हे सगळं निरखत होती. सुलक्षणा पुढच्या सीटकडे वळली आणि मागून तिला ऐकू आलं.

“पोरनी माय कोठे शे रे भाऊ?”

“ती काय, तिकिटं फाडी राह्यनी,” प्रेमराज म्हणाला.

आजूबाजूच्या चार-पाच माना सुलक्षणाकडे वळल्या. म्हातारीनं तिला खालून वर पाहिलं. “आसं? आन तू काय करस मंग?”

“मी हिले सांभायस.”

“नोकरी नही का तुले?”

“शे ना. रजावर शे.”

“कसानी रजा?”

“पोर व्हयनी म्हनीसन.”

म्हातारी विचारात पडली. मग म्हणाली, “पोर तुले व्हयनी का तिले?” आणि सबंध गाडी हसली. मिरचीचा व्यापारी हसला, कॉलेजचा पोरगा हसला, आरशात झुलालभाऊचे दात दिसले. सुलक्षणानं वळून पाहिलं. प्रेमराजचे कान लाल झाले होते, पण तोही हसत होता, आणि सगळे हसताहेत म्हणून कानू हसत होती, तो एक दात दाखवून. म्हातारी मात्र हसत नव्हती. ती गाठोड्यावर हात ठेवून खिडकीबाहेर बघत म्हणाली, “मनी पहिली पोर वावरमाच गयी. झोळीमा.” “देजो रे देवा,” ती म्हणाली, “आशी रजा बठ्ठा मायबापसले देजो.”

सोनगीर मागे पडलं आणि थोड्या वेळानं गाडीच्या नाकातून वाफ निघायला लागली. झुलालभाऊनं गाडी कडेला निंबाखाली घेतली. “गरम व्हयनी. पानी पाहिजे.” लोक खाली उतरले, सावलीत बसले. आत थांबवत नव्हतं, पत्रा तापला होता. कानू उन्हानं कावली, किरकिर करायला लागली. झुलालभाऊला कॅन भरून आणायला कुणीतरी बरोबर हवं होतं, दूरवर विहीर दिसत होती. प्रेमराज उठला आणि त्यानं कानूला सुलक्षणाच्या हातात दिलं. “आलोच,” तो म्हणाला आणि चालू लागला.

कानूला पहिल्यांदा काही कळलं नाही. मग बापाची पाठ लांब जाताना दिसली आणि ती धनुष्यासारखी ताठ झाली. तिनं दोन्ही हात त्या पाठीच्या दिशेनं ताणले, आणि रडली. सुलक्षणानं तिला खांद्यावर घेतलं, थोपटलं, मशीनची बटणं दाखवली, पारवे नसलेल्या आभाळात पारवा दाखवला. ती रडतच राहिली. सुलक्षणाला जाणवत होतं की निंबाखालचे सगळे बघताहेत, कुणी वाईटपणानं नाही, नुसतेच, दुसरं बघायला काही नाही म्हणून. एका बाईनं हळूच शेजारणीला विचारलं, “माय हाईच शे ना?” विहिरीवरून प्रेमराजनं रडणं ऐकलं असावं. तो अर्धा कॅन सांडत पळत आला. कानू त्याच्या खांद्यावर पडली, दोन हुंदके दिले आणि गप्प झाली. सुलक्षणा गाडीच्या पलीकडच्या बाजूला गेली, जिथं ऊन होतं आणि कुणी नव्हतं.

तो मागोमाग आला. कानू त्याच्या खांद्यावर, डावा कान ओढत.

“काय झालं?”

“तुम्ही जा ऑफिसला,” ती म्हणाली. “लवकर जा. उद्याच जा.”

“अगं पण—”

“एरियासाठी नाही म्हणत आहे. मला नाही बघवत. ती तुमच्याकडे जाते ना, मला जळतं इथं. तुम्ही घरी नसलात तर ती माझ्याकडे येईल, म्हणून म्हटलं जा. झालं? अशी आहे मी.”

त्यानं कानूला दुसऱ्या खांद्यावर घेतलं. उन्हात डोळे बारीक करून. मग म्हणाला, “तू सकाळी जातेस ना, त्यानंतर ती काय करते सांगू? दारापर्यंत रांगत जाते. दाराला थापा मारते. जिन्यात कुणाच्या चपला वाजल्या की हसायला लागते, आणि तो माणूस वरच्या मजल्यावर निघून गेला की रडते. बराच वेळ रडते. रोज. मग मी तिला खिडकीत नेतो. मला वाटतं ती संध्याकाळी तुझ्यावर रुसलेली असते. म्हणून तोंड फिरवते.”

सुलक्षणाला त्याचे शब्द एकेक करून ऐकू आले, दुरून, पाण्याखालून यावेत तसे. “रोज?”

“सुट्टीचा दिवस सोडून.”

“मी फोन केला की तुम्ही म्हणायचात, मजेत आहे, खेळतेय.”

“तुला गाडीवर जाववलं असतं का? आधीच तुला ते…” त्यानं तिच्या खाकी कापडाकडे पाहिलं आणि वाक्य सोडून दिलं. त्या पहिल्या दिवसाचे डाग त्याला अजून दिसत होते तर.

तिला राग आला. इतका सरळ, स्वच्छ राग तिला कित्येक दिवसांत आला नव्हता. “ते माझं होतं,” ती म्हणाली. “ती माझ्यासाठी रडली ते माझं होतं. तुम्ही मला दिलंच नाहीत. मी आपली समजत होते की मी गेले काय नि आले काय.”

प्रेमराजनं मान खाली घातली. कानू झोपत आली होती, तिचा हात कानावरून घसरत होता. “चुकलंच,” तो म्हणाला. मग अगदी हलक्या आवाजात, जणू पोरगी ऐकेल म्हणून, “मला नाही जायचं गं इतक्यात. साहेबांना परवाच सांगून टाकलंय. योगेंद्रला देऊ दे एरिया. सुरुवातीला मी नुसती सांभाळत होतो हिला. ड्युटी केल्यासारखी. आता सकाळी जाग येते तीच हिचा आवाज कधी येतो म्हणून. उरलेत तेवढे दिवस मला पाहिजेत.” त्यानं वर पाहिलं. “तुला जळू दे थोडं. चालेल?”

ती हसली की रडली हे तिलाच कळलं नाही. पत्र्याची धग पाठीला लागत होती. तिनं पुढे होऊन कानूच्या घामेजल्या मानेवर नाक टेकवलं, आणि तिथूनच प्रेमराजच्या खांद्याचाही वास आला, साबणाचा, पेजेचा, दुधाच्या उलटीचा. दोघांचा वास एकच झाला होता. पूर्वी कानूच्या अंगाला वास होता तो तिच्या एकटीचा. आता त्यात आणखी एक माणूस राहायला आला होता, इतकंच. झुलालभाऊनं पलीकडून हाक मारली, “ताई, चालू व्हयनी!” लोक धूळ झटकत चढायला लागले, आणि तिनं नेहमीसारखी माणसं मोजली, दोरी ओढली.

दोंडाईच्याच्या स्टँडवर भिकुबाई न्यायला आल्या होत्या. त्यांनी मुलाच्या खांद्यावरची झोपलेली नात पाहिली, पिशवीतून डोकावणारे लंगोट पाहिले, आणि सुनेकडे वळून तोंडाला पदर लावला. “तुना सासरानी प्रेमराजले कधी हातमा लिधं नही वं सुलू,” त्या म्हणाल्या. “त्याना बाप समोर बठेल राहे ना, मंग लाज वाटे. पोर रडे तरी दुसरीकडे देखे.” सुलक्षणाला परतीची गाडी घ्यायची होती, ती गाडीच्या दारातच उभी होती. ते तिघं स्टँडमधून बाहेर जाईपर्यंत ती बघत राहिली. गावी काय झालं ते तिला नंतर प्रेमराजनं सांगितलं. कानूला आबांच्या खाटेवर ठेवलं. आबांनी चालता हात उचलून तिच्या पोटावर ठेवला आणि कुणाकडेही न बघता तो तसाच ठेवून पडून राहिले. निघताना त्यांनी मुलाला खुणेनं जवळ बोलावलं आणि म्हणाले, आखाजी व्हयनी की आम्हीच येतस धुयाले. अक्षय्य तृतीया झाली की धुळ्याला येतो म्हणाला, गाव सोडणार नाही म्हणून वर्षभर हट्ट धरून बसलेला माणूस.

उरलेल्या दिवसांत कानूनं सुलक्षणाला कधी हात दिला, कधी नाही दिला. नाही दिला की ती चुलीकडे जायची, आईसारखी, पण प्रेमराज मागून ओरडायचा, “आज दोनदा रडली तुझ्यासाठी! एकदा दाराशी, एकदा तुझी ओढणी बघून!” आणि ती कणीक मळता मळता ते ऐकायची, अंगाला तेल लावून घ्यावं तसं. योगेंद्रनं शिरपूरचा एरिया घेतला, बढती मिळून तो प्रेमराजचा साहेब होणार होता. पेढे घेऊन घरी आला होता. प्रेमराजनं त्याला पेढा भरवला, कानूनं त्याचा चष्मा ओढला.

मग आखाजी झाली. चौकात बांधलेले झोके सुटले, आणि प्रेमराज कामावर रुजू व्हायचा दिवस आला. सासू-सासरे अजून यायचे होते, तोवर सुलक्षणानं आपली रजा टाकली होती. प्रेमराजनं इस्त्रीचा शर्ट घातला. तो त्याला पोटावर घट्ट झाला होता. कानूच्या दोन्ही तळव्यांचे मुके घेतले, डबा उचलला, परत आत आला, पेज कोमट आहे का ते बोट बुडवून पाहिलं. “जा आता,” सुलक्षणा म्हणाली. तो गेला. खाली मोटारसायकल बराच वेळ सुरू होईना. मग झाली.

कानू फरशीच्या मधोमध बसली होती. तिनं दाराकडे पाहिलं. मग आईकडे, मग दाराकडे. दोन्ही तळवे टेकून ती निघाली, गुडघे फरशीवर चट चट वाजवत, आणि दारापाशी जाऊन थांबली. तिनं दाराला एक थाप मारली. थांबून ऐकलं. दुसरी मारली. सुलक्षणाला हे प्रेमराजनं सांगितलेलं होतं, पण ते बघणं वेगळं होतं. त्या इवल्या पाठीत केवढं ऐकणं भरलेलं होतं! जिन्यात चपला वाजल्या, कानू हसली, चपला वर गेल्या. मग ती रडायला लागली. तिला उचललं तर ताठ झाली. सुलक्षणानं तिला तशीच ताठ छातीशी धरली. तिला आश्चर्य वाटलं, की आत काहीच जळत नव्हतं. फक्त वाटत होतं, ह्या वेळी तो पांझरेच्या पुलावर पोचला असेल, आणि त्याला ठाऊकच नाही.

फोन वाजला. गर्दीचा, हॉर्नचा आवाज. पुलाच्या कडेला गाडी थांबवून तो बोलत होता.

“काय करतेय? रडली नाही ना?”

खेळतेय, मजेत आहे, हे शब्द सुलक्षणाच्या जिभेवर तयार होते. त्याला दिवसभर बरं वाटलं असतं. त्याला नवा साहेब म्हणून योगेंद्र होता, घट्ट शर्ट होता, अख्खा हंगाम होता.

“रडतेय,” ती म्हणाली. “तुमच्यासाठी रडतेय. दाराशी गेली होती.” पलीकडून नुसते हॉर्न येत राहिले. “थांबा, ठेवू नका. हे तुमचं आहे. ऐका.” आणि तिनं फोन कानूच्या ओल्या तोंडापाशी धरला.